दहा टिक मागे

पत्र्याच्या मिठाईच्या डब्यात बारा फ्लॉप्या होत्या. प्रत्येकीवरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत गाण्यांचे मुखडे लिहिलेले, आणि तळाशी दुमडून ठेवलेली एक शंभर पानी वही. मिरजेच्या एका कीबोर्डवादक काकांनी नव्वदच्या दशकात भरलेलं ते संगीत होतं. सांगली-साताऱ्याकडच्या जत्रांमधून, गणपतीतून त्यांच्या मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम फिरायचा. गाणी मंडळाची स्वतःची, चालीही स्वतःच्या. आता मंडळातल्या पुढच्या पिढीला तो कार्यक्रम पुन्हा उभा करायचा होता. काका पंचाहत्तरीला आलेले, हात कापतो, त्यामुळे नव्यानं वाजवणं शक्य नव्हतं. डबा पुण्यात माझ्याकडे पोचला तो एका मागणीसह: "ताई, आवाज नवे घाला, पण वाजवणं काकांचंच राहू दे."

मी अठरा वर्षं रेकॉर्डिंगचं काम करते. मिडी फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, प्रत्येक ट्रॅकला चांगला आवाज लावायचा, मिक्स करायचं. आठवडाभराचं काम असेल असं मी सांगून बसले. तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी जे शिकले, ते त्याआधीच्या अठरा वर्षांत शिकले नव्हते.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. तिच्यात निरोप असतात. अमुक चॅनेलवर अमुक किल्ली दाबली, इतक्या जोरानं दाबली, इतक्या वेळानं सोडली, पेडलवर पाय ठेवला, पाय उचलला. सीडीच्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं साधारण ४० एमबी जागा घेतं. त्याच गाण्याची मिडी फाइल काही केबींची. म्हणून तर १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत अख्ख्या रात्रीचा कार्यक्रम मावायचा. हे निरोप एका कंपनीच्या वाद्यानं दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला द्यावेत, ही कल्पना प्रत्यक्षात दिसली ती जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात. सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ वायरीनं जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. या दोन कंपन्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना त्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. पुढे १९८८ मध्ये हे निरोप फाइलमध्ये कसे लिहायचे याचा सामाईक नमुना ठरला. काकांनी गाणी कीबोर्डच्या खासगी पद्धतीत न ठेवता या सामाईक नमुन्यात साठवली होती. तसं नसतं, तर तो कीबोर्ड शोधत हिंडण्यावाचून मला इलाज नव्हता.

बारांपैकी नऊ फ्लॉप्या वाचता आल्या. उरलेल्या तिन्हींवर पावसाळ्यांत बुरशी धरली होती. वाचता आलेल्या सगळ्या फाइलींची मी आधी नक्कल काढली, मूळ फ्लॉप्या परत डब्यात ठेवल्या, आणि पहिली फाइल इम्पोर्ट केली.

एकच ट्रॅक आला. पेटी, बासरी, बेस, तबला, व्हायोलिनचा समूह, सगळ्यांच्या नोटा एकमेकींवर चढलेल्या. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मिडी फाइलचे प्रकार असतात. प्रकार ० मध्ये सोळाही चॅनेल एकाच ट्रॅकमध्ये असतात, प्रकार १ मध्ये ते वेगळे राहतात. चॅनेलनुसार ट्रॅक फोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. फोडले, वाद्यं सुटी झाली.

मग लय. गाणं रेंगाळत होतं. वहीत प्रत्येक गाण्यापुढे काकांनी वेळ लिहिली होती. या गाण्यापुढे चार मिनिटं बारा सेकंद. माझ्याकडे ते बरोब्बर सहा मिनिटं चाललं होतं. मिडी फाइलमधला वेळ सेकंदांत लिहिलेला नसतो, टिकांत लिहिलेला असतो. एका मात्रेचे किती टिक हे फाइलच्या सुरुवातीला सांगितलेलं असतं. काकांच्या फाइलींत ते ९६ होते. पण एक मात्रा किती वेळाची, हे टेम्पोचा निरोप सांगतो, आणि तो निरोपच या फाइलींत नव्हता. तो नसेल, तर मिनिटाला १२० मात्रा धरायच्या असा नियम आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये आधीच्या कामाचा ८४ चा टेम्पो राहिला होता आणि सॉफ्टवेअरनं तोच लावला. १२० केल्यावर गाणं चार-बारावर येऊन थांबलं.

इथवर सगळं हिशेबाचं होतं. खरी अडचण तबल्यापाशी सुरू झाली.

जनरल मिडी नावाच्या ठरावानं १९९१ मध्ये वाद्यांना आकडे दिले. पियानो १, सतार १०५, शहनाई ११२. दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखून ठेवला. पण त्या १२८ वाद्यांच्या यादीत पेटी नाही, आणि दहाव्या चॅनेलच्या संचात तबला-ढोलकी नाही. त्यामुळे आपल्याकडच्या वादकांनी आपापली सोय केली. कुणी तबल्याचे बोल सॅम्पल करून कीबोर्डमध्ये भरले, कुणी आपल्या मनाप्रमाणे किल्ल्यांवर मांडले. काकांचा तबला असाच त्यांच्या स्वतःच्या मांडणीचा. माझ्या सॉफ्टवेअरला ती मांडणी ठाऊक नव्हती. त्यानं ठरलेला संच लावला आणि अभंगाच्या ठेक्यात बोंगो, काँगा, मध्येच शिट्टी वाजू लागली. ती फाइल मला ऐकवेना. एका माणसानं आयुष्यभर कमावलेला हात तिच्यात होता, आणि बाहेर येत होता तो गोंगाट.

वहीत मांडणी लिहिलेली होती. 'सी ४ – धा', 'डी ४ – ना', 'ई ४ – तिं' अशी दोन पानं भरून. मी त्याप्रमाणे नवे तबल्याचे आवाज लावले आणि प्ले केलं. शांतता. एकही बोल वाजेना. अर्धा दिवस मी वायरी, प्लगइन, चॅनेल तपासत बसले. कारण नावात होतं. मिडीत मध्य सप्तकाच्या सीचा आकडा ६० हे पक्कं आहे, पण त्याला म्हणायचं काय, यावर कंपन्यांचं एकमत नाही. कुणी सी ३ म्हणतं, कुणी सी ४. काकांचा कीबोर्ड ६० ला सी ४ म्हणायचा, माझं सॉफ्टवेअर सी ३. मी सगळे बोल एक सप्तक वर मांडून बसले होते. बारा किल्ल्या खाली आणले, आणि खोलीत तबला वाजू लागला. शहनाईचंही तसंच झालं होतं. काही ठिकाणी वाद्यांची मोजणी १ पासून होते, काही ठिकाणी ० पासून. त्यामुळे वहीतला ११२ तसाच टाकला, की शहनाईच्या जागी शेजारची किणकिणती घंटी येते. त्या दिवसापासून मी नावावर विश्वास ठेवत नाही. आकडा विचारते, आणि कुठून मोजला तेही विचारते.

दुसऱ्या गाण्यात व्हायोलिनचा एक सूर कडव्यानंतर थांबायलाच तयार नव्हता. पुढचा अंतरा सुरू झाला तरी तो मागे चालूच. फाइल बिघडली असावी असं वाटून मी नोटांची यादी उघडली. प्रत्येक नोट जिथे दाबली होती, तिथे सोडलीही होती. दोष माझा होता. ते कडवं दोनदा हवं होतं म्हणून मी तो तुकडा कापून पुढे चिकटवला होता. काकांनी पेडलवर पाय ठेवला तो तुकड्याच्या आत, आणि उचलला तो तुकडा संपल्यावर दोन मात्रांनी. पाय ठेवल्याचा निरोप आत राहिला, पाय उचलल्याचा निरोप कात्रीत गेला. वाद्य बिचारं पाय उचलण्याची वाट पाहत सूर धरून बसलं होतं. तेव्हापासून कुठलाही तुकडा कापण्याआधी मी कापायच्या जागेच्या मागे-पुढे पाहते: कोणता निरोप सुरू झाला आहे आणि कोणता अजून संपायचा आहे.

आता सांगते ती गोष्ट मला आजही टोचते.

एका भक्तिगीतात मुखड्याआधी बासरीचा पीस आहे. पंचमावरून धैवतावर जाणारी मींड, मग खाली षड्जापर्यंत सावकाश उतरणं. उतरणं काय, ते सुरू व्हायचं आणि पोचायचंच नाही. प्रत्येक मींड अर्ध्यात अडकलेली, सूर ना धड पंचम ना धड धैवत. मंडळातल्या एका तरुणाला मी तो तुकडा पाठवला. त्यानं फोनवर चाचरत विचारलं, "काका तेव्हा थोडे बेसूर वाजवायचे का हो?"

मी त्याला "नाही" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मी म्हटलं, "मी बघते सुधारून." आणि दोन संध्याकाळी मी एकेक मींड हातानं ओढून जागेवर आणत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी आकडे पाहिले. मिडीत स्वर वळवण्याच्या चाकाचे निरोप ० ते १६३८३ असतात, मध्य ८१९२. पंचमावरून धैवतावर जाणाऱ्या मींडा सगळ्या मध्यापासून १३६५ च्या आसपास जाऊन थांबल्या होत्या. पहिल्या पीसमध्ये तेवढ्याच, शेवटच्या पीसमध्येही तेवढ्याच. ज्याचा सूर चुकतो, तो एकदा थोडा खाली राहतो, एकदा थोडा वर जातो. दर वेळी एकाच प्रमाणात बेसूर होणं माणसाच्या हाताला जमत नाही. इतकी सारखी चूक यंत्राचीच असते.

चाक पूर्ण फिरवलं तर स्वर किती वळावा, हे फाइलमधला आकडा सांगत नाही; ते वाद्याच्या सेटिंगवर असतं. सहसा ते दोन स्वरांतरं असतं, एका पट्टीपासून तिसऱ्या पट्टीपर्यंत. माझ्याकडे दोनच होतं. पंचम ते धैवत ही दोन स्वरांतरं, आणि मला ऐकू येत होता एका स्वरांतराचा तिसरा हिस्सा. म्हणजे सहापट कमी. म्हणजे काकांनी ते बारावर ठेवलं असणार. वळणाची हद्द सांगणारा निरोप फाइलमध्ये घालता येतो, पण त्यांनी ती कीबोर्डवर बटण दाबून ठरवली असावी, त्यामुळे फाइलपर्यंत ती आलीच नव्हती. मी मूळ नक्कल पुन्हा उघडली, दोनच्या जागी बारा लिहिलं, आणि प्ले केलं.

बासरी पंचमावरून उठली, धैवताला अलगद टेकली, आणि एका श्वासात खाली षड्जावर उतरली. इतकी सुरेल, की मी पुन्हा ऐकायचं धाडस लगेच केलं नाही. दोन दिवस मी ज्याला बेसूर ठरवून दुरुस्त करत होते, त्या माणसाचा सूर माझ्यापेक्षा पक्का होता. मी काकांना फोन लावला.

"काका, बासरीला बेंड बाराचा ठेवायचात का तुम्ही?"

"बाराचाच. अगं, मध्य सा पासून तार सा पर्यंत सरकता आलं नाही तर ती बासरी कसली?"

मग मी त्या तरुणाला फोन करून सांगितलं, की काका बेसूर कधीच नव्हते.

ही गोष्ट प्रत्यक्ष सांगायला आणि बाकीच्या शंका विचारायला मी रेल्वेनं मिरजेला गेले. काकांच्या घरी जाताना सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिरांची दुकानं लागतात. एका ठिकाणी तंबोऱ्याची जवारी काढणं चाललं होतं. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा कानस. तो हात बैठकीत कुणाला दिसत नाही, पण तंबोऱ्याचा सगळा गुंजारव त्यावर उभा असतो. काकांचा बाराचा आकडा तसाच होता. वाजवण्याआधी केलेली जवारी.

काकांसमोर लॅपटॉप ठेवून मी रूपक तालातलं गाणं लावलं. हे गाणं मला सर्वांत जड गेलं होतं. काका लय मोजणारी क्लिक बंद ठेवून वाजवायचे. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या बारच्या रेषा एकीकडे आणि गाण्याची आवर्तनं दुसरीकडे. त्यातून फाइलमध्ये तालाचा निरोप नसल्यानं सॉफ्टवेअरनं चार मात्रांचा बार धरलेला, आणि गाणं सात मात्रांचं. अशा वेळी दोन वाटा असतात. नोटा रेषांवर ओढायच्या, किंवा रेषा नोटांकडे न्यायच्या. पहिली वाट एका बटणाची आहे. क्वांटाइझ केलं की सगळं सरळ. मी दुसरी घेतली. सगळ्या नोटा आधी घड्याळाच्या वेळेला बांधून ठेवल्या, म्हणजे रेषा हलली तरी त्या हलू नयेत, आणि एकेका समेवर रेषा आणून ठेवू लागले. साठेक आवर्तनं. पहिल्या प्रयत्नात सगळी चुकली, कारण पडद्यावर जोराचे ठोके जिथे उंच दिसले तिथे मी सम धरली. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे हलक्या मात्रेवर येते. जोराचा 'धी' चौथ्या मात्रेवर असतो. डोळ्यांनी ताल शोधला म्हणून फसले. डोळे मिटून हातावर सात मात्रा मोजल्या तेव्हा सम सापडली.

काकांनी गाणं पूर्ण ऐकलं. मांडीवर त्यांचा कापरा हात ताल धरत होता, आणि माझ्या रेषा त्याच हाताबरोबर पडत होत्या. लय अंतऱ्यात किंचित चढत होती, मुखड्यावर परत येताना सैल होत होती. क्वांटाइझ केलं असतं तर हे चढणं-उतरणं पुसलं गेलं असतं.

शेवटी मी बैठकीच्या लावणीचा प्रश्न काढला. त्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी, समेवर, तबल्याचा ठोका पेटीच्या सुरापेक्षा आठ ते दहा टिक मागे पडत होता. एक टिक साधारण ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे ४० ते ५० मिलिसेकंदांचा उशीर. जाणकार कानाला तो स्पष्ट कळतो. मी आधी वायरीवर संशय घेतला. मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक नोट पोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. वायरीचा उशीर इतका होणार नाही, आणि झाला तरी सगळीकडे सारखा होईल. इथे कडव्याच्या मध्ये तबला पेटीबरोबर अचूक होता. मागे पडायचा तो फक्त ओळ संपताना. मी एकदा ते ठोके पेटीला चिकटवूनही पाहिले होते. बरोबर झालं, आणि लावणी सपाट झाली. परत होते तसे ठेवले. बासरीनं मला शिकवलं होतं, की सगळीकडे सारखी होणारी चूक यंत्राची. मग जागा पाहून होणारी चूक कुणाची, हे मला काकांकडून ऐकायचं होतं.

काकांनी तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "पेटी मी एकट्यानं भरली होती, रात्री. तबला भरताना बाई समोर बसून गात होत्या. शेवटचं अक्षर त्या जरा ओढून धरायच्या, समेवर मागून यायच्या. मी त्यांच्यासाठी थांबायचो."

त्या गायिका आता हयात नाहीत. त्यांच्या आवाजाची एकही टेप मंडळाकडे उरलेली नाही. फ्लॉपीतही त्यांचा आवाज नाही; मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. पण त्या शेवटचं अक्षर किती लांबवायच्या, ते त्या फाइलमध्ये आहे. ओळीगणिक, टिकांमध्ये मोजता येईल असं. काका थांबले, त्या थांबण्यात त्या राहिल्या. आणि मी ते एका दुपारी पुसून टाकणार होते.

मी बराच वेळ काही बोलले नाही. काकूंनी चहा आणला. काका म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावलं.

परत आल्यावर उरलेलं काम भराभर झालं. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे आता मला ठरवता येत होतं. दोष दिसला की मी आधी पाहते, तो सगळीकडे एकसारखा आहे का. असेल, तर सेटिंग शोधते: टेम्पो, सप्तकाचं नाव, मोजणीची सुरुवात, बेंडची हद्द. तो ठराविक जागीच होत असेल, तर हात मागे घेते आणि तिथे गाण्यात काय चाललं आहे ते ऐकते. मिडीच्या पडद्यावर दोन्ही दोष सारखेच दिसतात, रेषेपासून सरकलेला एक ठिपका. फरक ऐकल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक सवय मी लावून घेतली. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मिडी फाइलबरोबर आता एक चिठ्ठी जाते. गाण्याची पट्टी, ताल, टेम्पो, एकूण वेळ, बेंडची हद्द, तालवाद्याचा कुठला बोल कुठल्या आकड्यावर, आणि जिथे मुद्दाम लय सोडली आहे त्या जागा. काकांची वही नसती, तर त्या नऊ फ्लॉप्यांतून मला बोंगो आणि शिट्ट्याच मिळाल्या असत्या. तीस वर्षांनी माझी फाइल कुणी उघडेल, तेव्हा त्याला विचारायला मी नसेन.

नव्या कार्यक्रमाच्या तालमीला मी गेले होते. लावणी गाणारी मुलगी विशीतली. पहिल्या दिवशी ती समेवर नेमकी यायची आणि तबला तिच्या मागून पडायचा. ती म्हणाली, "ताई, ट्रॅक मागे पडतोय." मी तिला म्हटलं, "चार दिवस गा त्याच्याबरोबर. मग सांग." तिला मी दुसरं काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ओळीच्या शेवटी ती तबल्याकडे कान देऊन क्षणभर थांबली, शेवटचं अक्षर हलकेच ओढून धरलं, आणि ठोक्याबरोबर समेवर आली. मागच्या खुर्चीत काका बसले होते. त्यांनी मांडीवरचा हात थांबवला आणि डोळे मिटून घेतले.